समितीची निवड पालकसभेतच व्हावी: गावातल्या पालकांना खुले पत्र

प्रति,
आपल्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत पहिली ते सातवीत शिकणाऱ्या सर्व मुलामुलींचे आई-वडील व पालक यांस.
माहितीसाठी: मुख्याध्यापक आणि ग्रामपंचायतीचे सर्व सदस्य.

सप्रेम नमस्कार.

आपल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची दोन वर्षांची मुदत संपली आहे आणि नवी समिती निवडण्यासाठी भाद्रपदात पालकसभा घेऊ, असे मुख्याध्यापकांनी तोंडी सांगितले आहे. या समितीत पालक सदस्य म्हणून निवडून यावे, या इच्छेने मी उभी राहत आहे. शाळेच्या समितीसाठी कोणी उभे राहते हे ऐकून काहींना हसू आले, तर काहींनी घरी येऊन ‘कशाला उगाच वाकडेपणा घेता’ असे समजावून पाहिले. त्या सगळ्यांना दारात उभे राहून वेगवेगळे उत्तर देण्यापेक्षा सर्वांसमक्ष एकदाच लिहावे, म्हणून हे पत्र.

मी गावात शिलाईकाम करते. माझा मुलगा सहावीत आणि मुलगी तिसरीत आहे. दीर-जाऊ दरवर्षी ऊसतोडीच्या टोळीबरोबर साखर कारखान्यावर जातात, तेव्हा त्यांची दोन मुले आमच्याकडे राहून याच शाळेत शिकतात. या पत्रापुरती एवढी ओळख पुरे.

ही समिती म्हणजे झेंडावंदनाला खुर्चीवर बसणारी मंडळी, असा आपल्यापैकी बहुतेकांचा समज आहे. आजवर आपण जे पाहिले त्यावरून तो व्हावा यात नवल नाही. कायदा मात्र वेगळे सांगतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम २१ ने आपल्यासारख्या प्रत्येक शाळेत अशी समिती असणे बंधनकारक केले. समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य शाळेतल्या मुलांचे आई-वडील किंवा पालक असले पाहिजेत, निम्म्या महिला असल्या पाहिजेत, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. राज्य शासनाने जून २०१० मध्ये काढलेल्या निर्णयानुसार समिती १२ ते १६ जणांची असते. पालक सदस्यांची निवड पालकसभेने करायची, ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी, एक शिक्षक आणि एक शिक्षणतज्ज्ञ घ्यायचा, अध्यक्ष व उपाध्यक्ष पालक सदस्यांमधूनच निवडायचे आणि मुख्याध्यापकांनी सचिव म्हणून काम पाहायचे, अशी ती रचना आहे. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि शाळेला मिळालेल्या अनुदानाचा विनियोग नीट होतो की नाही हे पाहणे, ही तीन कामे कायद्याने नाव घेऊन या समितीकडे सोपवली आहेत. खासगी अनुदानित शाळांत अशीच समिती केवळ सल्ला देऊ शकते, कारण २०१२ च्या दुरुस्तीने तिचे अधिकार तेवढ्यावरच आणून ठेवले. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मात्र ते अधिकार पूर्ण आहेत आणि आपण ते वापरत नाही.

२०२२ पासून कित्येक वर्षे राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांचा कारभार निवडणुकांअभावी प्रशासकांच्या हाती राहिला. त्या काळात जिल्हा परिषदेची शिक्षण समिती अस्तित्वात नव्हती आणि गाऱ्हाणे घेऊन जावे असा आपल्या गटाचा निवडून आलेला सदस्यही नव्हता. शाळेच्या प्रश्नावर लोकांनी निवडलेली म्हणावी अशी एकच जागा उरली होती, ती म्हणजे ही समिती. तीही आपण बिनविरोध करून टाकली.

बिनविरोध होण्यालाच माझा विरोध आहे, असे कोणी समजू नये. सभेत नावे पुढे आली, बोलणे झाले आणि सगळ्यांचे एकमत झाले, तर त्याहून चांगले काही नाही. आपल्याकडे मात्र नावे आधी ओट्यावर ठरतात, मग ती कागदावर येतात आणि सभा झाल्याची नोंद सगळ्यात शेवटी होते. ज्यांची स्वतःची मुले तालुक्याच्या इंग्रजी शाळेत पिवळ्या गाडीने जातात, ती मंडळी पुतण्याचे किंवा भाच्याचे ‘पालक’ म्हणून समितीत येतात. महिला सदस्यांची नावे पूर्ण संख्येने लिहिली जातात. त्यांपैकी अनेकींना आपण सदस्य आहोत हे सही मागायला कोणी आले म्हणजे कळते. मागच्या समितीत माझ्या शेजारची एक बाई सदस्य होती. पाचवीतला एक मुलगा प्रोसिडिंग बुक काखेत मारून तिच्या घरी यायचा. वरचे पान कोरे असायचे, खाली नावांची यादी आणि सही कुठे करायची ते दाखवायला पेन्सिलीने केलेली बारीक फुली. ती चुलीपुढून उठून, हात पुसून सही करायची आणि मुलगा पुढच्या घरी जायचा. त्या पानावर नंतर कोणता ठराव लिहिला गेला हे तिने कधी विचारले नाही, कारण विचारायचे असते हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. समितीची सभा महिन्यातून किमान एकदा व्हावी असा नियम आहे आणि आपल्या दप्तरी तो काटेकोरपणे पाळलेला दिसेल.

आता ज्या कारणासाठी मी मुख्यतः उभी राहत आहे, त्याकडे येते.

बीड जिल्ह्यातल्या आपल्यासारख्या गावांत दसरा-दिवाळीच्या सुमारास अर्धी घरे कुलूपबंद होतात. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरतात, म्हणून दोघांनाही जावेच लागते आणि सांगली, कोल्हापूर, सोलापूरपासून बेळगावापर्यंतच्या उसाच्या फडांवर पाच-सहा महिने काढून माणसे पाडव्याच्या आगेमागे परततात. मागची पालकसभा पौषात घेतली गेली. तेव्हा गावात कोण होते आणि कोण नव्हते, हे आपण सगळे जाणतो. ज्यांच्या मुलांच्या शाळेचा प्रश्न सर्वांत अवघड, त्या घरांतले एकही माणूस त्या सभेत असणे शक्य नव्हते, आणि तरीही ‘सर्व पालकांच्या उपस्थितीत’ समिती गठित झाल्याचे लिहिले गेले. सभेची तारीख मुद्दाम तशी धरली, असे मी म्हणत नाही. पण तारीख कोणाच्या सोयीची होती, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

हंगामी वसतिगृह ही सोय आपल्या जिल्ह्याला नवी नाही. आई-वडील फडावर गेले तरी मुलाने गावातच राहावे, रात्री आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे झोपावे आणि त्याच्या दोन वेळच्या जेवणाची व अभ्यासाची व्यवस्था शाळेमार्फत व्हावी, अशी ही योजना आहे आणि ती चालवण्याची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. कोणती कुटुंबे जाणार, कोणती मुले मागे राहणार, याची पाहणी करून यादी करणे, प्रस्ताव वेळेत पाठवणे, स्वयंपाकाला माणूस बघणे, किराणा आणणे आणि रोजची हजेरी ठेवणे ही सगळी कामे गावातच होतात. गटशिक्षणाधिकारी कार्यालयात बसून ती कोणालाही करता येणार नाहीत. म्हणून समिती कागदावरची असली की वसतिगृहही कागदावरचे होते. अशा वसतिगृहांतल्या बोगस पटाच्या बातम्या आपल्या जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. त्या वाचून आपण मान हलवतो आणि पान उलटतो.

मागच्या हंगामात आपल्याकडे काय झाले ते थोडक्यात सांगते. यादी करायला उशीर झाला, त्यामुळे प्रस्ताव उशिरा गेला आणि मंजुरी त्याहून उशिरा आली. जेवण सुरू झाले तोवर टोळ्या जाऊन बराच काळ लोटला होता आणि ज्यांच्या घरी सांभाळायला म्हातारी माणसे नव्हती, ती मुले आई-वडिलांबरोबर गेली होती. फडावर गेलेले मूल काय करते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायची गरज नाही. नऊ-दहा वर्षांची मुलगी खोपीत धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, पहाटे आई निघाली की भाकरी थापते. थोडा मोठा मुलगा वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करतो आणि मोळ्या बांधायला हात लावतो. उन्हाळ्यात परत आल्यावर त्याला वर्गात बसवले, तरी मधले सहा महिने कोणी परत देत नाही. माझ्या दिराची मुले आमच्या घरामुळे वाचली. पण ती आमच्या चुलीवर जेवली. वसतिगृहाच्या यादीत त्यांची नावे पहिल्या दिवसापासून हजर होती की नाही, हे मला आजतागायत पाहायला मिळालेले नाही. हजेरीपट दाखवा, अशी मी तोंडी विनंती केली होती. तेव्हा ‘तुम्ही सदस्य नाही’ असे उत्तर मिळाले. म्हणून आता सदस्य व्हायचे ठरवले आहे.

जी मुले बरोबर जाणारच, त्यांच्यासाठी शिक्षण हमी पत्रक आहे. मूल कोणत्या इयत्तेत आहे, त्याला काय येते, याची नोंद असलेले हे पत्रक निघण्यापूर्वी पालकांच्या हाती द्यायचे असते, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवून मुलाला वर्गात बसवता येते. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांचा प्रवेश निश्चित करणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य असल्याचे अधिनियमाच्या कलम ९ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. आपल्या गावातून जाणाऱ्या किती जणांच्या पिशवीत हे पत्रक असते? उचलीचा हिशेब मात्र प्रत्येकाच्या खिशात असतो. मी समितीत असेन, तर टोळी ट्रकमध्ये बसण्याआधी प्रत्येक मुलाचे पत्रक हाती पडले की नाही, हे घरोघर जाऊन बघेन. त्याला निधी लागत नाही, दोन संध्याकाळी फिरावे लागते, इतकेच.

म्हणून मुख्याध्यापकांना माझी पहिली मागणी अशी की पालकसभा काहीही झाले तरी घटस्थापनेच्या आत व्हावी, ती सकाळी कामाच्या वेळेला न ठेवता संध्याकाळी ठेवावी आणि तिची तारीख किमान आठ दिवस आधी शाळेच्या फलकावर, पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर आणि गावात दवंडी देऊन जाहीर करावी. तांड्यावर आणि वस्तीवर माणूस पाठवून निरोप द्यावा, कारण तिथल्या अनेक घरांत एकच फोन असतो आणि तो कामावर गेलेल्या माणसाजवळ असतो.

गणवेशाचा विषय लहान वाटेल, पण समितीच्या हातात काही असले आणि नसले तर काय फरक पडतो, हे त्यावरून समजते. २०२४ च्या शैक्षणिक वर्षात राज्याने ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून कापड एकाच ठिकाणाहून खरेदी केले आणि शिलाई बचत गटांकडे दिली. शाळा सुरू होऊन कितीतरी दिवस गेले तरी मुलांच्या अंगावर गणवेश नव्हता. जेव्हा आला तेव्हा कोणाची बाही लांब, कोणाची चड्डी तोकडी. माझ्याकडे उसवून पुन्हा शिवायला आलेले त्यातले कपडे मी स्वतः हाताळले आहेत. शिवण एकेरी होती आणि बगलेत कापड ओढले जात होते, कारण ज्या मुलाला तो घालायचा होता त्याचे माप कोणी घेतलेलेच नव्हते. मोठा ओरडा झाल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने तो निर्णय फिरवला आणि गणवेश खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिला. दोन गणवेशांसाठी मुलामागे ६०० रुपये मिळतात. या पैशांत चांगले कापड घेऊन माप घेऊन शिवणे कठीण आहे, अशक्य नाही. पण ठेका कोणाला, कापड कोणत्या दुकानातून, ही चर्चा समितीने उघड केली तरच.

इथे एक गोष्ट मी आताच सांगून टाकते. मी शिवणकाम करते, तेव्हा ‘बाईंना गणवेशाचे काम हवे आहे म्हणून त्या उभ्या राहिल्या’ असे म्हटले जाणार. म्हटले जातही आहे. मी निवडून आले, तर समितीत असेपर्यंत शाळेच्या गणवेशाचा एकही टाका मी घालणार नाही आणि आमच्या बचत गटातूनही ते काम घेतले जाणार नाही. मापे कशी घ्यावीत, कापड धुतल्यावर किती आटते, शिलाई दुहेरी आहे की नाही हे कसे पाहावे, एवढे मी फुकट सांगेन. हाच नियम अध्यक्षांच्या भावाच्या सिमेंटच्या दुकानाला आणि सदस्यांच्या नात्यातल्या किराणा दुकानाला लावावा, असा ठराव मी पहिल्याच सभेत मांडणार आहे.

पैशांचे म्हणाल तर आपल्या शाळेचा पट शंभराच्या वर आहे. समग्र शिक्षा योजनेत १०१ ते २५० पटाच्या शाळेला वर्षाला ५०,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान ठरलेले आहे आणि त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च व्हायला हवा. रक्कम फार मोठी नाही. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, पाण्याची टाकी यांतच ती संपते, हे मला मान्य आहे. पण मुलींच्या स्वच्छतागृहाचे दार कडीवाचून वर्षभर तसेच राहिले आणि मोठ्या मुली मधल्या सुट्टीत घरी जाऊ लागल्या. त्या काळात स्वच्छतेचा हिस्सा कशावर गेला, हे कोणत्याच पालकाला माहीत नाही. मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि पिण्याचे सुरक्षित पाणी ही अधिनियमाच्या अनुसूचीतली सक्तीची बाब आहे. खर्च अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या सहीने होतो, म्हणजे निम्मी जबाबदारी पालकांची आहे. कीर्द आणि व्हाउचर बघण्यात अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही. आपल्या बचत गटात दर महिन्याला वही उघडी ठेवली जाते, तिथे कोणी रागावत नाही. जुन्या समितीच्या दोन वर्षांच्या जमाखर्चाचा एक कागद पालकसभेआधी फलकावर लागावा, ही माझी दुसरी मागणी.

दुपारच्या आहारावर फार लिहीत नाही. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदळाचे प्रमाण आहे आणि मुलांना वाढण्याआधी चव घेऊन नोंदवहीत लिहायचे असते. रोज एका आईने जाऊन चव घ्यावी आणि स्वतःच्या हाताने नोंद करावी, अशी पाळी लावली की बाकीचे आपोआप सुधारते. स्वयंपाक करणाऱ्या ताईंचे मानधन वेळेवर निघते का, याचीही विचारपूस त्याच समितीने करावी.

शिक्षकांबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण माझे उभे राहणे हे गुरुजींविरुद्ध आहे, असा समज पसरवला जात आहे. आपल्या शाळेत चांगले शिक्षक आहेत. तिसरीच्या वर्गाला मुलाखतीसारखे प्रश्न विचारून बोलते करणाऱ्या बाई मी खिडकीतून पाहिल्या आहेत आणि तशी मेहनत घेणारा माणूस कुठल्याही फीच्या शाळेत सहज सापडणार नाही. पण प्राथमिक वर्गांना ३० मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण असताना आपल्याकडे एक जागा रिकामी आहे, एक शिक्षक प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे आहेत आणि उरलेल्यांपैकी कोणी ना कोणी माहिती भरायला, बैठकीला किंवा मतदार यादीच्या कामाला गेलेले असतात. परिणामी दोन-दोन वर्ग एकत्र बसतात. कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढी कामे सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम लावता येत नाही, आणि त्याबाहेरच्या कामाचा बोजा त्यांच्यावर पडू नये यावर लक्ष ठेवणे हे केंद्राच्या आदर्श नियमांनी समितीच्याच कामांत धरले आहे. गुरुजी स्वतः वरिष्ठांना नाही म्हणू शकत नाहीत. त्यांच्या वतीने पालकांची समिती ठराव करून पाठवू शकते, आणि तो ठराव केंद्रप्रमुखांपासून गटशिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत प्रत्येकाला आवक नोंदवहीत घ्यावा लागतो. कोणता शिक्षक कोणत्या दिवशी कोणत्या कामाला वर्गाबाहेर होता, याची साधी वही समितीने वर्षभर ठेवली, तर रिकामी जागा भरून मागताना आपल्या हातात पुरावा असेल. आजवर आपण मोर्चाची भाषा केली आणि नुसता अर्जही केला नाही.

जागा मागायची ती मुळात शाळा विकास आराखड्यातून. आदर्श नियमांप्रमाणे हा आराखडा तीन वर्षांचा असतो. पुढे पट किती होईल, शिक्षक किती लागतील, खोल्या किती लागतील, पैसा किती लागेल हे त्यात वर्षवार लिहायचे आणि आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी तो वर द्यायचा. आपला आराखडा मी पाहिला आहे. त्यात गावाचे नाव सोडले तर शेजारच्या गावाच्या आराखड्याहून वेगळे काही नाही आणि टोळीबरोबर जाणाऱ्या मुलांचा त्यात एका ओळीनेही उल्लेख नाही. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळेत मिसळण्याच्या हालचाली २०२३ पासून आपण ऐकत आहोत. आपला पट आज तितका खाली नाही. पण हिवाळ्यात निम्मी बाके रिकामी राहिली, तर तपासणीला आलेला अधिकारी काय लिहून नेईल, याचा विचार गावाने करायला हवा.

माझ्याविरुद्ध सर्वांत वजनदार आक्षेप गावातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी घेतला आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. ते म्हणाले, निवडणूक आली की पार्ट्या पडतात, भावकी दुभंगते, ग्रामपंचायतीचे भांडण शाळेच्या आवारात येते आणि त्यात मुलांचे नुकसान होते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीनंतर सहा-सहा महिने एकमेकांच्या लग्नाला न जाणारी घरे आपल्याकडे आहेत, तेव्हा ही भीती खोटी नाही. पण ओट्यावर नावे ठरतात तेव्हा ती पार्टी बघूनच ठरतात. तिथे भांडण झालेले दिसत नाही, कारण दुसऱ्या बाजूला बोलावलेलेच नसते.

त्यावर मी एक पद्धत सुचवते. पॅनेल नको, चिन्ह नको, चिठ्ठ्याही नकोत. सभेच्या दिवशी पहिली ते सातवीच्या पालकांनी इयत्तेनुसार मैदानात वेगवेगळे बसावे आणि प्रत्येक इयत्तेने आपल्यातून एक नाव निवडून द्यावे. त्या इयत्तेत ज्याचे मूल प्रत्यक्ष शिकते आणि त्याच्या घरी राहते, त्यालाच उभे राहता यावे. समिती १६ जणांची केली, तर त्यात पालक किमान १२ लागतात. सात नावे इयत्तांमधून आल्यावर उरलेल्या जागा पूर्ण सभेने भराव्यात, आणि त्या भरताना महिलांचे निम्मे प्रमाण, वस्ती व तांड्यावरच्या पालकांचा वाटा आणि टोळीला जाणाऱ्या घरांतली निदान दोन माणसे, हे पाहावे. हंगामात ती बाहेर असतील, हे खरे आहे. त्यांनी फोनवरून सभेत बोलावे. त्यांचे म्हणणे इतिवृत्तात लिहावे आणि प्रत्येक महिन्याचे इतिवृत्त व्हॉट्सॲप गटावर टाकावे, म्हणजे फडावर बसलेल्या आईलाही आपल्या मुलाच्या जेवणाबद्दल काय ठरले ते कळेल. इयत्तेप्रमाणे बसलेल्या पालकांत सगळ्या भावक्या मिसळलेल्या असतात आणि एकाच वर्गातल्या मुलांचे आई-वडील म्हणून त्यांचे हित एकच असते. यात पार्टी पडायला जागा कमी आहे. अजिबात नाही असे म्हणण्याइतकी मी भोळी नाही.

माझ्याकडून काय होणार नाही, तेही सांगते. नवी इमारत आणण्याचे आश्वासन मी देत नाही, कारण ते समितीच्या हातात नाही. कोणत्या शिक्षकाची बदली करून आणणार नाही किंवा रोखणारही नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची करू, असेही म्हणणार नाही. आपली मुले चौथीत आल्यावर मराठीचे पान अडखळत वाचतात, आधी ते नीट व्हावे असे माझे मत आहे. ज्यांना याहून मोठ्या गोष्टी हव्या आहेत, त्यांनी दुसरे नाव पुढे करावे. सहावीच्या पालकांनी मला न निवडता दुसऱ्या कोणाला निवडले, तर जो निवडून येईल त्याला वर लिहिलेल्या वसतिगृहाच्या यादीचे काम मी सदस्य नसतानाही करून देईन. यादीसाठी आमच्या गल्लीतल्या घरांची नावे मी लिहून तयार ठेवली आहेत.

राहिला प्रश्न माझे नाव मागे घेण्याचा. त्यासाठी यजमानांना शेतात गाठून बोलणे, सासऱ्यांच्या कानावर घालणे किंवा ‘पुढच्या वेळी तुम्हालाच करू’ असा निरोप पाठवणे कृपा करून थांबवावे. ज्यांना माझे नाव नको आहे, त्यांनी पालकसभेत उठून तसे म्हणावे आणि कारण सांगावे. मी तिथेच बसलेली असेन आणि उत्तर देईन. सभेची तारीख अजून फलकावर लागलेली नाही; ती या आठवड्यात लागली नाही, तर हेच पत्र सह्या घेऊन मी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे देणार आहे. सही करायची असेल त्यांनी संध्याकाळी सहानंतर माझ्याकडे यावे. पान कोरे नसेल, वाचून सही करावी.

कळावे,

आपली,
तिसरी व सहावीतल्या मुलांची आई
आणि पालक सदस्यत्वासाठी उमेदवार